शेवग्याची पूड

शाळेत पोरांना महिन्याच्या महिन्याला तांदूळ वाटायला लागले, त्या सालची गोष्ट. राहात्याजवळच्या एका वस्तीवर भाऊसाहेबाची सात वर्षांची पोरगी होती, वृषाली, आणि तिला भाजीचं वावडं होतं. वावडं म्हणजे साधंसुधं नव्हे. पोह्यातली कोथिंबीर ती एकेक पान करून ताटाच्या कडेला लावायची. वरणात मेथी दिसली की वाटी सरकवायची, आणि मग कुणी कितीही डोकं आपटो, तोंड उघडायची नाही. गूळ-भाकरी आणि दूध-भाकरी, एवढ्यावर पोर वाढत होती. वाढत कसली, पिवळी पडत होती.

हा सगळा नखरा भागिरथीच्या वाट्याला आला. भागिरथी ही भाऊसाहेबाची दुसरी बायको. पहिली, म्हणजे वृषालीची आई, दुसऱ्या बाळंतपणात गेली, पोटातल्या बाळासकट. भागिरथीलाही पहिल्या नवऱ्यानं मूल होत नाही म्हणून माहेरी आणून सोडलेली. दोन मोडके संसार जोडून एक केला, आणि लोकांनी उपकार केल्यासारख्या अक्षता टाकल्या. तिला नवऱ्याचं फारसं कौतुक नव्हतं. तिला हवी होती ती पोरगी. आपल्या पोटी काही यायचं नाही हे तिनं कधीच पदरात बांधून घेतलं होतं. पण निदान हिनं आपल्या हातचं पोटभर खावं, आपली म्हणून खावं, एवढी एकच आस होती. आणि पोरगी तिनं वाढलेल्या ताटाकडे असं बघायची, की जणू भाकरीखाली विंचू बसलाय.

डॉक्टरनं पोरीची पापणी खाली ओढून बघितली आणि सांगितलं, अंगात रक्त नाही, पालेभाजी खाऊ घाला. सांगायला काय जातंय! टॉनिकची बाटली दिली, ती पोरीनं पहिल्याच चमच्याला ओकून टाकली. मग भागिरथी लपवाछपवीला लागली. पालक शिजवून वरणात घोटला, तर वरण हिरवं झालं आणि बाई पकडली गेली. दुधी किसून थालीपिठात घातला, तर दाताखाली तंतू आला. ते थालीपीठ कुत्र्यानं खाल्लं. लाल भोपळ्याचे घारगे तेवढे चालले, पण रोज उठून घारगे कुठल्या घरात होतात?

शेवटी बाजरीनं तिला वाट दाखवली. बाजरीचं पीठ मुळातच हिरवट करडं. त्यात काय मिसळलंय ते कुणाच्या बापाला कळणार नाही. विहिरीवर शेवग्याचं झाड होतं. भागिरथीनं पाला ओरबाडून सावलीत वाळवला, पोरगी शाळेत गेली की खलबत्त्यात कुटला, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळला आणि ती पूड पुरचुंडीत बांधून पिठाच्या डब्यामागे दडवली. पिठात आधी चिमूटभर, मग चमचाभर, मग मूठभर. पाल्याचा उग्रपणा दाबायला गूळ सढळ हातानं.

पण पोरगी तिखट नाकाची. एका दुपारी घास तोंडाजवळ नेऊन थांबली.

“ह्याला पाल्याचा वास येतोय. काय टाकलंस?”

“काय न्हाई गं. बाजरीच हाय.”

पोरीनं भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे बोट केलं. “तिची शपथ घे.”

भागिरथी घुटमळली. जित्या माणसाची शपथ खोटी घ्यायला ती कधीच धजली नसती; ज्याची घेतली त्याच्या जिवावर बेततं, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. पण मनात आलं, गेलेल्या माणसाचं आता काय वाकडं होणार?

“तुज्या आईची शपथ,” ती म्हणाली. “काय न्हाई टाकलं.”

पोरीनं घास तोंडात घातला. आणि त्या दिवसापासून तिनं ताटाकडे बघणंच सोडलं. भागिरथीनं वाढलं की ती खायची. गालावर रंग चढला. शाळेतून आली की दप्तर भिरकावून आधी चुलीपाशी यायची आणि गुरुजींच्या नकला करून दाखवायची. एका रविवारी दुपारी तर भागिरथीच्या पदराचं टोक मुठीत धरून तिथंच झोपली. भागिरथीला तहान लागली होती, पण ती उठली नाही. तशीच बसून राहिली, आणि तिला इतकं सुख झालं की तिची तिलाच भीती वाटली.

हे सगळं एका माणसाला बघवत नव्हतं. केशरबाई, भाऊसाहेबाची थोरली बहीण, पलीकडच्याच घरात राहायची. भावजय गेल्यापासून पोरगी तिच्या मांडीवर वाढलेली, आणि आता पोरगी तिच्या दारात फिरकेना. भाचीला बाळसं धरताना बघून आनंद व्हायला हवा. पण दुसऱ्याच्या नावावर जमा झालेला आनंद सोसायला मन मोठं लागतं, आणि केशरबाईचा आवाज तेवढा मोठा होता. उसनं पीठ न्यायला म्हणून ती आली. भागिरथी विहिरीवर गेलेली. डबा सरकवला तर मागं पुरचुंडी, आणि सोडून बघते तर हिरवी पूड.

मग काय विचारता!

“पोरीला कायतरी खाऊ घालतीय गं ही!” असं बोंबलतच ती अंगणात आली. “तरीच म्हनलं, पोर एवढी वश कशी झाली! कुन्या देवरुश्याकडनं आनलीस गं?”

वस्तीवर माणसं जमायला वेळ लागत नाही. भाऊसाहेब पेरूच्या बागेतून पळत आला. भागिरथी डोक्यावर हंडा घेऊन वाटेतच थबकली. असल्या आळापायी बायकांना घराबाहेर काढल्याचं तिनं ऐकलं होतं, आणि एकदा बाहेर काढल्यावर कसं वाटतं ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं हंडा खाली ठेवला, केशरबाईच्या हातून पुरचुंडी हिसकावली आणि मूठभर पूड कोरडीच तोंडात कोंबली. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

“शेवगा हाय!” ती खोकत खोकत म्हणाली. “विहिरीवरचा शेवगा! डाक्टर म्हनला पालेभाजी द्या, पोर खाईना, मंग काय करू? भाकरीत घालत हुते.”

भाऊसाहेबानं चिमूटभर जिभेवर ठेवली. “आयला, शेवगाच की!” तो हसायलाच लागला. जमलेलेही हसले. “लई हुशार हाय तुजी बायको,” शेजारचा मच्छिंद्र म्हणाला. केशरबाईचं तोंड एवढंसं झालं, “मंग लपवलं कशाला?” असं पुटपुटत ती बाजूला झाली. भागिरथीच्या छातीवरचा धोंडा उतरला.

तेवढ्यात तिचं लक्ष दाराकडे गेलं. वृषाली उंबऱ्यात उभी होती, आणि ती हसत नव्हती.

“तू म्हनली हुतीस, काय न्हाई टाकलं.”

“अगं, तुज्याच भल्यासाठी केलं तिनं,” भाऊसाहेब म्हणाला. “बघ बरं कशी गुटगुटीत झालीस.”

पोरीनं बापाकडे बघितलंही नाही. “माज्या आईची शपथ घेतलीस. ती मेलेलीच हाय, तिला आता काय व्हनार, म्हनून घेतलीस ना?”

भागिरथीला नाही म्हणता आलं असतं. पण मनात येऊन गेलेली गोष्ट पोरीनं जशीच्या तशी समोर मांडली होती, आणि एवढ्याशा लेकराला ती कशी कळली, ह्या धसक्यानं तिची वाचाच बसली. माणसं पांगली. अंगणात शेवग्याची पूड सांडून राहिली होती, ती तिनं झाडून काढली.

त्या दिवशी पोरगी जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. भाऊसाहेबानं हात उगारला, तेव्हा भागिरथी मध्ये पडली. मग पोरीनं पिठाचा डबा पालथा घालून घासला, बापाला घेऊन गिरणीत गेली, डोळ्यांसमोर दळून घेतलं आणि स्वतःच चुलीपुढं बसली. पहिली भाकरी तुटली, दुसरी करपली. करपलेली तिनं दुधात कुस्करून खाल्ली.

“मी थापून देते,” भागिरथी काकुळतीला येऊन म्हणाली. “तू समोर बस. पीठ तूच घाल, पानी तूच घाल.”

पोरगी परात घेऊन पाठमोरी झाली.

नवल म्हणजे पुढं ती पालाही खायला लागली. स्वतः खुडायची, स्वतः तव्यावर परतायची, पान न् पान दिसेल असा, आणि तोंड वाकडं करत गिळायची. भाजीचं वावडं संपलं होतं. आता वावडं होतं ते भागिरथीच्या हाताचं.

आणि वस्तीला काय दिसलं? सावत्र आई नुसती बसलीय आणि सात वर्षांची पोर धुरात डोळे चोळत भाकऱ्या थापतीय. परवा हुशार म्हणणारा मच्छिंद्र आता तोंड फिरवायला लागला. शेवटी एक दिवस गिरणीत, सगळ्या बायकांदेखत, एका म्हातारीनं भागिरथीला धरलं.

“पोरीच्या बोटांना फोड आल्यात. पोटची असती तर बसवली असतीस का गं चुलीपुढं?”

खरं भागिरथीच्या ओठांवर आलं होतं. पोर माझ्या हातचं खात नाही, एवढंच सांगायचं. पण केशरबाई दळणाच्या रांगेत कान टवकारून उभी होती, आणि बाकीच्याही गप्प होऊन ऐकत होत्या.

“मीच बसवते,” भागिरथी मोठ्यानं म्हणाली. “पोरीच्या जातीला सैपाक यायला नको? उद्या सासरी गेली की लोक आईलाच नावं ठेवत्यात.”

“बघितलंत?” केशरबाईनं हात नाचवले. “ऐकलंत सावत्र आईचं?”

भागिरथीनं दळणाचा डबा कमरेवर घेतला आणि ती घराकडे चालू लागली. मागं बायका बोलत होत्या आणि तिला सगळं ऐकू येत होतं. म्हणेनात का काही. सावत्र म्हणून का होईना, कैदाशीण म्हणून का होईना, तिला आई म्हणणारी तेवढीच माणसं उरली होती.