बदामातला लॉट नंबर

साखरखेर्ड्यात कलेची कदर नाही, हे स्वरदाचं नववीत गेल्यापासूनचं ठाम मत होतं. ज्यांनी कदर केली त्यांनाही ती हे ऐकवायची, त्यामुळे कदर करणारे हळूहळू कमी होत गेले.

तिच्या आईच्या काळी मेहकरच्या एका दुकानात ग्रीटिंग कार्डांचं फिरतं स्टँड असायचं. नववर्ष आलं की पोरी तिथं अर्धा अर्धा तास उभ्या राहून आतल्या ओळी वाचायच्या आणि शेवटी सगळ्यात स्वस्त कार्ड घेऊन यायच्या. मग मोबाईल आले, स्टँड माळ्यावर गेलं आणि दुकानदार रिचार्ज मारून देऊ लागला. कार्डाचा जमाना गेला, हे सगळ्या गावानं मान्य केलं. स्वरदानं केलं नाही, कारण असा जमाना होता हेच तिला ठाऊक नव्हतं. तिला वाटायचं, कार्ड बनवणं हे यूट्यूबवरच्या दिल्लीच्या दीदीनंच शोधून काढलं.

फोनमध्ये स्वस्तातलं नेट आलं आणि त्या २०१७च्या जूनमध्ये वर्गातल्या सात पोरी स्क्रॅपबुकं करू लागल्या. स्वरदा त्यांची पुढारी. तिनं बटाट्यात ‘स्वरदा क्रिएशन्स’ असा शिक्का कोरला होता. तो उलटा उमटायचा. ती त्याला स्टाईल म्हणायची.

अडचण एकच होती, कागद. दीदी म्हणायची, जाड चमकदार कार्डस्टॉक घ्या. गावातल्या दुकानात घोटीव कागद, जिलेटीन आणि पिवळी पडलेली कार्डशीट एवढंच मिळायचं. अशा वेळी ती एकदा मैत्रिणीकडे, रुबिनाकडे गेली आणि तिला खिळ्याला अडकवलेली सहा पाकिटं दिसली. बीटी कपाशीच्या बियाण्याची, रिकामी. चांदीसारखं आतलं अंग, बाहेर पांढऱ्याशुभ्र बोंडांचा फोटो, आणि प्रत्येकाला एक हिरवट टॅग. दीदी ज्याला विंटेज टॅग म्हणून तासभर चहाच्या पाण्यात बुडवून ठेवायची, तो इथं आयता लटकत होता.

“चाचा, हा कचरा मी नेऊ?” तिनं रुबिनाच्या वडिलांना, बद्रुद्दीनचाचांना विचारलं.

“पाकिटं? कायले पाहिजे बेटा?”

“आर्टसाठी.”

“अब्बा, तुमी तं वेचणी होईस्तोवर पाकिटं ठेवता ना,” रुबिना मधेच बोलली.

“रुबिना, जुनं जुनं सांभाळत बसलं की माणूस मागं राह्यते,” स्वरदा म्हणाली. हे वाक्य तिनं त्याच सकाळी कुठंतरी ऐकलं होतं आणि वापरायला जागा शोधत होती.

चाचा हसले. “ने मंग. आर्टले कोन नाही म्हनते.”

सहा पाकिटांची पाच कार्डं झाली आणि एक स्क्रॅपबुक. फ्रेंडशिप डेला तिनं कार्डं वाटली: वर्गातल्या तिघींना, स्नेहलता मॅडमना आणि शेजारच्या अंगणवाडीच्या सिंधूताईंना. रुबिनाला दिलं नाही. रुबिना तर घरचीच. आणि पाचही कार्डं कापायला तीच बसली होती, म्हणजे तिनं ती पाहिलेलीच होती. हे कारण स्वरदाला तेव्हा अगदी बिनतोड वाटलं.

सहावं पाकीट म्हणजे तिचा महाग्रंथ. पुठ्ठ्यावर अख्खं पाकीट ताणून चिकटवलेलं, वर तो टॅग, टॅगवरच्या लॉट नंबरभोवती लाल चमकीचा बदाम. मोच्याकडून शिवून घेतलेली चोवीस पानं, सगळी तिच्याचबद्दल. शाळेच्या प्रदर्शनात त्याला पहिला नंबर मिळाला, ते काचेच्या कपाटात गेलं आणि बुलढाण्याच्या जिल्हा प्रदर्शनाच्या यादीत त्याचं नाव लागलं. स्वरदानं ही बातमी मेहकरच्या आत्याला, लोणारच्या मामाला आणि एसटीत शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईला सांगितली.

दिवाळीनंतर कपाशीची बोंडं उमलेनात. फोडून पाहिलं की आत गुलाबी अळी आणि सडलेली सरकी. जे बियाणं अळी लागत नाही म्हणून घेतलं होतं, त्यालाच ती लागली होती, आणि शिवारात एक वावर सुटलं नव्हतं. नुकसानभरपाईसाठी तक्रारीचे अर्ज निघाले. स्वरदाचे बाबा, लक्ष्मीकांत, ग्रामपंचायतीत कारकून. त्यामुळे संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर अर्ज भरून घेणाऱ्यांची रांग लागायची आणि चहा नेऊन द्यायचं काम कलाकाराकडे असायचं.

बुधवारी चाचा आले. रुमालात चार बोंडं बांधून आणली होती, जणू दवाखान्यात दाखवायला.

“सातबारा आहे. पावती आहे,” बाबा कागद लावत म्हणाले. “पन दुकानदारानं लॉट नंबर नाही टाकला हो हिच्यावर. हरकत नाही, पाकिटावर असते. टॅग आना.”

चाचांनी स्वरदाकडे पाहिलं. ती कपबशा घेऊन उभी होती. मग त्यांनी नजर काढून घेतली.

“पाकिटं हरवले,” ते म्हणाले.

“सगळे?”

“सगळेच. उंदरं लय झाले घरात.”

“एक तरी टॅग पाहिजे, बद्रुद्दीनभाई. सहाही एकाच लॉटचे ना? मंग एक पुरते. नाहीतर कृषीवाले अर्ज घ्यायचे नाहीत. शुक्रवार शेवटचा दिवस आहे.”

उंदीर ओसरीवरच चहाच्या कपबशा धरून उभा होता.

तरीही तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते स्क्रॅपबुक नव्हे, पाच कार्डं. एक टॅग तर हवा होता. पाचजणींनी तिची कार्डं उराशी जपून ठेवली असणार. त्यातलं एक मागितलं की झालं. जिच्या कार्डाचा टॅग काढून घेऊ तिला दुसरं करून देऊ. तिनं आपल्या औदार्यावर खूश होत रुबिनाला सोबत घेतलं.

पहिल्या घरी कार्ड लोणच्याच्या बरणीवर होतं. मैत्रिणीच्या आईनं चांदीचा भाग कापून झाकणाखाली बसवला होता. “ओल येत नाही वं पोरी. लय कामाचं कार्ड केलं तू.” टॅग चुलीत गेला होता.

दुसऱ्या घरी धाकट्या भावानं त्याची पतंग केली होती. ती उडाली नाही, असं त्यानं तक्रारीच्या सुरात सांगितलं.

तिसरीनं फोनच पुढं केला. “कार्ड नाही, पन फोटो आहे ना. चोवीस तास स्टेटसले ठेवला होता.”

“आणि कार्ड?”

“फोटो काढल्यावर कायले ठेवाचं?” तिनं खरंच कळत नसल्यासारखं विचारलं. फोटोत टॅग उलटा होता. त्यावर ‘मेड विथ लव्ह’ एवढंच वाचता येत होतं. “आता कोन करते वं स्क्रॅपबुक? तूच राह्यली.”

स्वरदाला हे नवीन होतं. सात पोरींपैकी सहा कधीच सोडून गेल्या होत्या आणि पुढाऱ्याला कोणी कळवलं नव्हतं.

स्नेहलता मॅडमनी दिवाळीच्या आवराआवरीत कार्ड रद्दीत घातलं होतं. त्या इतक्या ओशाळल्या की स्वरदालाच त्यांची समजूत काढावी लागली.

सिंधूताईंचा टॅग मात्र शाबूत होता. त्यांनी तो अंगणवाडीच्या किल्ल्यांना बांधला होता. चार महिने किल्ल्यांनी घासून घासून त्यावरची अक्षरं पार खाऊन टाकली होती. हिरवा रंग तेवढा राहिला होता.

परतताना रुबिना शाळेच्या फाटकापाशी थांबली.

“एक अजून आहे,” ती म्हणाली.

“माहीत आहे मले.”

“मी काही म्हनत नाही.”

“तू म्हन ना बे. तू काही म्हनत नाही त्याचाच त्रास होऊन राह्यला.”

“काय म्हनू? सोमवारी बुलढाण्याले जाऊन राह्यलं तुझं पुस्तक. अब्बा म्हनते, पोरीच्या आर्टले हात लावू नको. मंग मी काय म्हनू?” रुबिना फाटकाला टेकली. “आनि एक सांगू? पाच लोकायले कार्ड दिलं तू. माह्याकडं असतं तं असतंच.”

रुबिना काही हरवत नसे. पहिलीतली पाटीसुद्धा तिच्याकडे होती. मेहकरची आत्या, लोणारचा मामा आणि एसटीतली बाई स्वरदाच्या डोळ्यांपुढून रांगेनं गेली, आणि तिघांपैकी कोणाच्याही वावरात कपाशी नव्हती.

गुरुवारी तिनं मॅडमना सगळं सांगितलं. “यादीतून नाव काढावं लागेल,” मॅडम म्हणाल्या. “काढा,” ती म्हणाली, आणि मॅडमनी कपाट उघडलं.

घरी बाबांनी ब्लेडनं टॅग सोडवून पाहिला. कोपरा उचलताच कागदाचा थर निघू लागला. “राहू दे, नंबरच जाईन,” ते म्हणाले. कव्हर वेगळं करावं तर मोच्यानं पाकिटातूनच दोरा ओवलेला. आयुष्यात पहिल्यांदा स्वरदाची एखादी वस्तू पक्की झाली होती.

म्हणून शुक्रवारी तालुक्याच्या कृषी कार्यालयात अख्खं पुस्तक गेलं. सोबत बाबा, चाचा आणि ती. रांगेत वीसेक माणसं होती. प्रत्येकाच्या हातात कॅरीबॅग, त्यात पाकीट आणि टॅग, नीट घडी घातलेले.

टेबलामागच्या बाबूंनी पुस्तक हातात घेतलं, उलटं केलं, परत सुलटं केलं.

“हे काय आहे?”

“बियाण्याचं पाकीट आहे साहेब,” चाचा म्हणाले. “जरासं सजवेल आहे.”

“लॉट नंबर?”

“बदामात,” स्वरदा पुटपुटली.

बाबूंनी चष्मा वर करून बदाम पाहिला, नंबर रजिस्टरमध्ये उतरवला, आणि मग, काम झालेलं असताना, पान उलटलं. फोटो होता लोणारच्या सरोवराकाठचा. खालची ओळ त्यांनी मोठ्यानं वाचली. “‘लोणारची उल्का आणि मी: दोघी आभाळातून पडलेल्या.’”

रांगेत कुणीतरी खोकलं.

“‘माझे यश, भाग एक,’” बाबू वाचत गेले. “भाग दोन पण आहे का?”

“पान अठरा,” ती म्हणाली. लपवण्यात आता काही अर्थ नव्हता.

त्यांनी अठरावं पानही पाहिलं. लाल चमकी त्यांच्या बाहीवर, रजिस्टरवर आणि मागच्या दोन शेतकऱ्यांच्या अर्जांवर सांडली. हे हसण्यावारी जाईल आणि पुस्तक परत हातात येईल, असं तिला वाटलं. पण बाबूंनी ते चाचांच्या अर्जाखाली ठेवलं, पंच मशीननं कोपऱ्याला दोन भोकं पाडली, त्यातून पांढरी नाडी ओवली, गाठ मारली आणि बोंडांच्या फोटोवर आवक शिक्का हाणला. सगळं मिळून अर्धं मिनिट. त्यांच्यामागं भिंतभर कपाटांतून ओवलेले, चिकटवलेले, शिक्के मारलेले कागद छतापर्यंत गेले होते. गावातल्या पोरींनी सोडलं असेल, पण इथं हे काम रोज दहा ते पावणेसहा जोरात चालू होतं, आणि शिक्का सुलटा उमटत होता.

पोचेवर त्यांनी लिहिलं: सोबत सातबारा, पावती, पुस्तक एक.

चाचांनी पोच दोनदा वाचली आणि घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात घातली. मग ते टेबलावर वाकले. “साहेब, पोरीचं पुस्तक वापस भेटीन का?”

“अर्ज द्या, काढून देऊ.”

“काढलं तर चाचाची तक्रार अधुरी राहीन का?” स्वरदानं विचारलं.

“मूळ पुरावा आहे तो. अधुरीच राहीन.”

“मंग नका काढू.”

“बेटा, बुलढाण्याचं काय?” चाचा हळूच म्हणाले.

“पुढच्या वर्षी बघू. तवर भाग तीन होईन.” ती हे हसत म्हणणार होती, पण म्हणाली तेव्हा ती दाराकडे पाहत होती.

रांगेतले मागचे म्हातारबाबा एवढा वेळ मान उंचावून सगळं बघत होते. त्यांनी आपली कॅरीबॅग छातीशी धरली आणि काळजीनं तिला विचारलं, “पोरी, हे पुस्तक सगळ्यायलेच जोडा लागते का? मले तं कोनी सांगतलं नाही.”

“नाही आजोबा. टॅग आहे ना तुमच्याजोळ?”

“हाव, आहे.”

“मंग झालं. फक्त कोनाले देऊ नका,” ती म्हणाली. “कोनी कलाकार येऊन मागितला तरी.”