पाण्याच्या पिशवीवरची माशी

मी एक जुनी माशी आहे. जुनी म्हणजे तीन आठवड्यांची. मित्रांनो, हसू नका. आमच्यात या वयाला वाकून नमस्कार करतात. फक्त सहांपैकी कोणते पाय धरायचे, यावर घोळ होतो.

माझा जन्म नेरुळच्या एका सोसायटीत, ओल्या कचऱ्याच्या हिरव्या डब्यात झाला. डब्याचं झाकण मुलांनी स्टंप म्हणून नेलं होतं, त्यामुळे घर हवेशीर होतं. बालपण कलिंगडाच्या सालीवर, अळी म्हणून गेलं. पंख फुटले आणि मी कामाला लागले. काम पार्सलचं. डब्यातले, गटारातले जंतू माझ्या पायांच्या केसांना चिकटतात आणि मी बसेन तिथे उतरतात. जुलाबाचे, टायफॉइडचे, सगळे. भाडं कोणी देत नाही. शिवाय मला चावता येत नाही, म्हणून अन्नावर आधी थोडं ओकते आणि पातळ झालं की शोषते. तुम्ही पोळी आमटीत बुडवता, त्यातलाच प्रकार.

आमच्या सोसायटीत बायकांचा रस्सीखेचीचा संघ आहे. कॅप्टन गीतांजलीकाकू. गेल्या वर्षी सारसोळे गावच्या कोळी बायकांशी फायनल होती. पण डब्यात सांगतात त्याप्रमाणे, आदल्या दिवशीच्या जेवणावर माझ्या पणज्या बसून गेल्या आणि सामन्याच्या वेळी अख्खा संघ आपापल्या संडासात होता. मैदानावर दोरी एकटीच पडून राहिली. काकूंना हरल्याचं नाही, न उतरल्याचं लागलं होतं. यंदा काहीही झालं तरी उतरायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

यंदाही सामन्याच्या आदल्या दुपारी सोसायटीचं जेवण होतं. काकूंचे यजमान मधुकरराव म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी आम्रखंडाच्या पातेल्यावर पाण्याने भरलेली प्लास्टिकची पिशवी टांगली, आत एक रुपयाचं नाणं टाकलं आणि जाहीर केलं की आता माशी फिरकणार नाही. मिठाईवाले टांगतात तशी. माशी म्हणे त्यात स्वतःला बघून घाबरते. खात्री एवढी, की त्यांनी पातेल्यावरची जाळी काढूनच ठेवली. जाळीमुळे फोटोत आम्रखंड दिसत नव्हतं.

काकूंनी झाकायला सांगितलं.

"तू टेन्शन घेऊ नको," मधुकरराव म्हणाले. "विज्ञान आहे हे."

मी डब्यातून थेट निघाले होते. सहाही पाय हाउसफुल्ल. पातेल्याकडे सूर मारला, पण वाटेत पिशवी आली आणि तिच्यात मी दिसले. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदाच मी स्वतःला पाहत होते. घाबरले नाही. खरं सांगायचं तर, आवडले. पिशवीवर टेकले, पुढचे पाय एकमेकांवर घासले, डोकं पुसलं. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. उजवी बाजू जास्त चांगली आहे.

ताटं घेऊन रांगेत उभे असलेले सगळे वर बघू लागले.

"अहो," काकू शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या विज्ञानावर माशी बसलीय."

"निघालीच आहे ती," मधुकरराव म्हणाले.

मी निघाले नाही. काकूंनी जाळी उचलून पातेल्यावर ठेवली. वाढणाऱ्या सगळ्यांना साबणाने हात धुवायला पिटाळलं. मग मुलांचा स्टंप काढून घेतला आणि कचऱ्याच्या डब्यावर घट्ट बसवला. मुलं तेव्हा आउट होती, त्यामुळे फारसं भांडण झालं नाही. मी जाळीवर बसून राहिले. खालून वास येत होता, पाय पोचत नव्हते. प्रवासी कुरकुरले.

दुसऱ्या दिवशी मैदानावर आमच्या सगळ्याजणी उभ्या होत्या, टवटवीत. शिट्टी वाजली, आणि सारसोळ्याच्या बायकांनी त्यांना भरलेलं जाळं ओढावं तसं ओढून नेलं. चहा निवायच्या आत सामना संपला. त्यांची कॅप्टन प्रेमला हिने काकूंना हात देऊन उठवलं.

"गेले वर्सी तुमी आयल्याच नय," ती म्हणाली. "यंदा खेचाला मजा आली."

काकू कपड्यांची धूळ झटकत हसत होत्या. हरल्या, पण मैदानावर हरल्या.

मित्रांनो, आता माझे दिवस भरत आले आहेत. डब्याला झाकण बसल्यापासून पुढची पिढी बेघर आहे. तरी मला मारू नका अशी विनंती मी करणार नाही. माझे पाय बघता ती मलाच पटणार नाही. तुम्ही अन्न झाका, कचरा झाका, हात धुवा. नाहीतर एखाद्या दिवशी तुमचीही दोरी मैदानावर एकटी पडून राहील.

फक्त ती पिशवी तेवढी काढू नका. या वयात आरशाशिवाय करमत नाही.