वैशाखातला नकाशा

भाद्रपदातली दुपार. पूर्णेकाठची काळीभोर, कपाशीगर्द, क्षितिजस्पर्शी सपाटी. वर ऊन लख्ख. उत्तरेला सातपुड्याच्या माथ्यावर मात्र कुणी शाईची दौत उपडी केलेली. वारा नाही. पान हलत नाही. सपाटी श्वास रोखून पडलेली.

त्या सपाटीवर भूमापक यादवराव खंडारकर दुर्बिणीला डोळा लावून उभे होते. नऊ वर्षांपूर्वी हाच मुलूख त्यांनी मोजला होता, वैशाखात. कारण मोजणी वैशाखातच करायची, असा खात्याचा दंडक. वैशाखात ओढ्याला पाणी नव्हते. पाणी नाही, म्हणजे ओढा नाही. यादवरावांनी जुन्या नकाशातली निळी रेघ खोडली, सुबक सही केली. आणि त्या स्वच्छ, निष्कलंक, शासनमान्य कोरडेपणावर पुढे शाळा उभी राहिली.

आज, दंडक मोडून भाद्रपदात लावलेली दुर्बीण निराळेच सांगत होती. जमीन उतरत होती. हळूहळू, लाजऱ्या पावलांनी उतरत होती. उतरत उतरत थेट शाळेच्या दारात शिरत होती. त्यांनी पुन्हा मोजले. पुन्हा दारातच.

मग उत्तरेकडून घरघर आली. जात्याची असते तशी. पण एवढे मोठे जाते कुणाच्या घरी नसते.

यादवराव शाळेकडे धावले. या वयात, या पोटासह, चिखल तुडवत धावले.

"बाई, पोरं टेकाडावर न्या! ओढा येतोय!"

"कोणता ओढा, साहेब?" गोकर्णाबाईंनी हातातला खडूही ठेवला नाही. "तुमच्या नकाशात तं नाई. दरसाली अर्ज करतो मी. उत्तर येते, 'ओढा आढळत नाही.' खाली सही तुमचीच."

"मी चुकलो, बाई."

"हे लेखी द्या," बाई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता घंटा बडवू लागल्या.

चव्वेचाळीस पोरे अनवाणीच टेकाडावर चढली. बाईंनी डोकी मोजली. पुन्हा मोजली. चव्वेचाळीस. यादवराव मट्‌कन खाली बसले.

खाली पाणी आले. मातकट, फेसभरले, मुके. कुणाला काही न विचारता आले. वर्गाबाहेर चपलांच्या जोड्या ओळीने मांडलेल्या होत्या. त्या एकेक करून उठल्या, वळल्या, आणि जणू चव्वेचाळीस अदृश्य पोरे निघावीत तशा, रांगेने, निमूट, कपाशीतून चालू लागल्या. चालत राहिल्या दिसेनाशा होईपर्यंत, आणि दिसेनाशा झाल्यावरही.