थंडीत ओढू नकोस

मित्रांनो, मी एक जुनं कव्हर आहे. उशीचं नाही, मोबाइलचंही नाही. छत नसलेल्या, दोनच माणसं बसतील अशा जुन्या गाडीवर, पुढच्या काचेपासून डिकीपर्यंत ताणून बसवतात ते. काळं, जाड रेक्झिन, कडेने बावीस टिचबटणं आणि मधोमध चेन. चेन अर्धीच उघडली की चालवणारा आत बसतो आणि शेजारची सीट झाकलेली राहते. इथले लोक मला तिरपाल म्हणतात. तिरपाल ट्रकवर असतं. पण बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार?

माझा जन्म फरीदाबादचा. तिथल्या एका कारखान्यात दीनानाथ इंजिनिअर होते. त्यांनी ही हिरवी गाडी घेतली, तेव्हा सीट शिवणाऱ्या नरसिंह मास्तरांनी मला बेतलं. मुद्दाम अंमळ तंग ठेवलं, कारण सैल कव्हरावर पाणी साचतं. दर रविवारी दीनानाथ आणि त्यांच्या पत्नी विजयाबाई दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या स्नेह्यांकडे जेवायला जात. परत आल्यावर दोघं दोन बाजूंनी मला बसवत. आधी काचेखालचं मधलं बटण, मग एक डावं, एक उजवं, कोपरे शेवटी. "मास्तरांनी बेतलंय मात्र झकास," असं विजयाबाई दर वेळी म्हणत. मला ते आवडायचं.

विजयाबाई गेल्या आणि गाडी उभीच राहिली. तिच्यावर जुन्या चादरी पडल्या आणि मी माळ्यावर. सहा वर्षं, तेही घडी घालून. माझी गुंडाळी करायची असते. घडीच्या रेघा अजून अंगावर आहेत. मग एका जानेवारीत दीनानाथांच्या मुलाने, साकेतने, कडाक्याच्या थंडीत मला हिसकून बसवलं. एक बटण रेक्झिनच्या तुकड्यासकट उपटून आलं. रेक्झिन थंडीत आखडतं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

यंदा साकेतने पानिपतचं एक गिऱ्हाईक शोधलं. दीनानाथांचा हात प्लॅस्टरमध्ये होता, गाडीची उस्तवार होत नव्हती. ते म्हणाले, "रुचिराला कव्हर बसवायला जमलं तर गाडी राहील. नाही जमलं तर जाऊ दे." रुचिरा ही साकेतची सोळा वर्षांची मुलगी, जन्म इथलाच, मराठीपेक्षा हिंदीच जास्त. गिऱ्हाईक रविवारी येणार होतं.

शनिवारी सकाळी रुचिराने मला गाडीवर पसरलं. धुकं होतं, अंग आखडलं होतं. आजोबा बाल्कनीतून म्हणाले, "थंडीत ओढू नकोस गं. ऊन येऊ दे."

"अच्छा, आजोबा." तिने मला नीट गुंडाळून डिकीत ठेवलं आणि ती क्लासला गेली.

ऊन आलं नाही. दुपारी हिवाळ्यातला बारीक पाऊस आला, चांगला दोन तास. आजोबा औषध घेऊन झोपले होते. मी डिकीत कोरडं आणि सीटा भिजत होत्या. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

साकेतने सीट दाबली तर पाणी निघालं. "बाबा, झालं ना? चलो, उद्या देऊन टाकू."

दीनानाथांनी नातीला विचारलं, "कव्हर का नाही घातलंस?"

"तुम्हीच म्हणालात, ओढू नकोस."

"अगं, म्हणजे खेचू नकोस."

"मला वाटलं, चादर ओढ़ते हैं ना, तसं, पांघरायचं. थंडीत घालायचंच नाही."

दीनानाथांनी प्लॅस्टर नसलेल्या हाताने ओली सीट चाचपली. मग म्हणाले, "चूक माझी आहे. उद्या सकाळी परत."

रविवारी ऊन पडलं. सीटा पुसून वाळवल्या, मला तासभर बॉनेटवर पसरलं. मग रुचिरा कामाला लागली. आजोबा नुसते उभे राहिले. वीस बटणं लागली. शेवटचा कोपरा दोन बोटं कमी पडत होता. तिने हिसकलं नाही. तळव्याने चोळून रेक्झिन ऊबदार केलं, कड बटणाजवळ धरली आणि अंगठ्याने दाबलं. टिच. तुटलेल्या बाविसाव्याच्या जागी तिने दोरी बांधली.

पानिपतचे राघवजी आले. माझ्यावर हात फिरवून म्हणाले, "कवर तो बढ़िया बैठा है. खोलिए, सीट दिखाइए."

"माफ़ कीजिए, गाड़ी नहीं बेचनी," दीनानाथ म्हणाले. "इसे ओढ़ाने वाली घर में है."

रुचिराने आजोबांकडे पाहिलं आणि ती हसली. प्लॅस्टर निघाल्यावरच्या पहिल्या रविवारी माझी चेन पूर्ण उघडली, कारण आजोबांना आणि रुचिराला दोन्ही सीटा लागणार होत्या.

मित्रांनो, जुन्या वस्तूला आधी ऊन द्या, मग ओढा. घडी घालू नका. आणि तुम्ही मोठे व्हाल, कुणाच्या हाती वस्तू सोपवाल, तेव्हा तिचे शब्दही अर्थासकट सोपवा. नाहीतर कव्हर डिकीत कोरडं राहतं आणि ज्याला झाकायचं, ते भिजतं.