बियाण्याची कणसं

भानुदासतात्यांनी ज्वारीचं कणीस वाकवून एक दाणा अंगठ्यानं दाबला. दाणा फुटला आणि आतून काळी भुकटी तोंडावर उडाली. काणी रोग! दुसऱ्या कणसातही तेच, तिसऱ्यातही.

बांधावरून शेजारच्या शेवंताबाई हसल्या, "भावजी, तोंडाला काळं कशापायी फासलंय? शिमग्याला अवकाश हाय अजून!"

"काणी हाय, वहिनी. रानभर."

शेवंताबाईंचं हसू गेलं. "बी कुठलं पेरलं होतं?"

"पोत्यातलं. मळणीतलं."

"अगं बया! आक्कांनी कधी मळणीतलं बी ठेवलं होतं का?"

चाळीस वर्षं तात्यांची बायको, आक्का, कापणीच्या आधी एकटीच सूप घेऊन रानात यायची आणि उभ्या ताटांवरची निरोगी कणसं निवडून न्यायची. ती वेगळी वाळवायची, हातानं चोळायची. ती का असं करते, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. ती गेली त्या वर्षी त्यांनी सगळी ज्वारी मळणीयंत्रात घातली. चार रोगट कणसांची भुकटी चांगल्या दाण्यांवर बसली. दाणे दिसायला पांढरेच होते.

"दुकानातली पिशवी आणा की," शेवंताबाई म्हणाल्या. "सगळं गाव आणतंय."

"ही दगडी ज्वारी तिनं माहेराहून ओटीत आणलेली. आता गावात दुसऱ्या कुणाकडं न्हाई."

"मग निवडा. काळं लागलेला हात धुतल्याबिगर चांगल्या कणसाला लावू नका. पेरताना गंधक चोळा. मी आले असते हो, पण पोरगा न्यायला आलाय. पुण्याला चालले."

"परत कधी?"

"बघू," म्हणत त्या निघाल्या.

तात्या घरून सूप आणि पाण्याची कळशी घेऊन आले. एकेक ताट बघायचं, हात धुवायचे, पुढं सरकायचं. रोगट कणसं जाळायला पोत्यात, अलगद. दुपार कलली तरी सुपात अकराच कणसं होती.

बारावं खुडायला मन धजेना. ताट वाकवून ते सवयीनं मागं वळले, "अगं, हे बघ बरं, चालंल का?"

मागं वाऱ्यानं नुसती पानं सळसळली.

त्यांनी हात धुतले, धोतराला पुसले आणि एक दाणा स्वतःच दाबून पाहिला. आतून पांढरं पीठ निघालं.

"चालंल," ते म्हणाले, आणि कणीस खुडून सुपात ठेवलं.