एक्केचाळिसावा परिच्छेद

दुभाषी बाईंनी आपली खुर्ची कुगनच्या कानाजवळ ओढली, कारण न्यायाधीश भराभर बोलत होते.

"म्हणताहेत, तुमची हकिकत खरी की खोटी, हे इथे बघत नाहीत. निकाल देणाऱ्याने कायदा पाळला का, एवढंच बघणार."

कुगनने मान डोलावली. त्याच्या वकीलबाई ब्रिजेट यांनी हे त्याला तीनदा सांगितलं होतं. आश्रय नाकारणाऱ्या निकालपत्रात दुसऱ्याच कुणाची हकिकत घुसली आहे, एक्केचाळिसावा परिच्छेद, आणि सगळी मदार त्यावरच, हेही सांगितलं होतं. हरलो तर कोलंबोचं विमान. ती हकिकत काय, ते मात्र कुगनने विचारलं नव्हतं. परक्याच्या दुःखात कशाला नाक खुपसायचं?

मागच्या बाकावर नेसन अण्णा डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. डँडेनाँग उपनगरात दोघं एकाच खोलीत राहत. निकालपत्र आलं तेव्हा अण्णांनीच ते तमिळ करून वाचून दाखवलं होतं. त्यांचा स्वतःचा अर्ज त्याच अधिकाऱ्याने त्याच आठवड्यात फेटाळला होता. कोर्टात जायला पस्तीस दिवस होते. अण्णा गेले नाहीत. "नाही म्हणाले ना? बरोबरच म्हणाले," एवढं बोलून त्यांनी कागद गादीखाली सारला. आता पुढच्या महिन्यात त्यांना देश सोडायचा होता. कुगनला या गोष्टीचा अजून राग होता. सकाळी निघताना त्याने तो थट्टेतून काढला होता.

"अण्णा, पिट्टू भरला का डब्यात?"

"भरला."

"जरा मान हलवली तर झिजेल का हो? आपल्या जाफन्यात मान न हलवता 'हो' म्हणणारे तुम्ही एकटेच."

अण्णा नुसते हसले होते, मान ताठ ठेवून.

"तो परिच्छेद वाचा," न्यायाधीश म्हणाले. ब्रिजेट उभ्या राहून वाचू लागल्या आणि दुभाषी बाई कुजबुजू लागल्या.

"अर्जदार म्हणतो, लष्कराने त्याच्या डोक्यावर गोणपाट घालून त्याला छावणीत खुर्चीवर बसवलं. डोळ्यांपुरती दोन भोकं होती. समोरून माणसं नेत होते. ज्याला पाहून तो मान हलवील, त्याला बाजूला काढत. अर्जदाराने चार वेळा मान हलवली. चौथा..." बाई आणखी जवळ सरकल्या. "चौथा त्याच्या बहिणीचा नवरा होता."

कुगनने मागे वळून पाहिलं नाही. निकालपत्र वाचताना अण्णा मध्येच थांबले होते, त्यांनी चष्मा पुसला होता आणि पान उलटलं होतं, हे त्याला आता आठवलं. सकाळची आपली थट्टाही आठवली. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली त्याला.

सरकारी वकील उठले. हा परिच्छेद या अर्जदाराचा नाही, हे त्यांनी मान्य केलं. पाऊण तासात निकाल रद्द झाला. कुगनचा अर्ज पुन्हा नव्याने ऐकला जाणार होता.

बाहेर ब्रिजेटनी त्याचा हात हातात घेतला. पण त्यांचं मन भलतीकडेच होतं.

"मला तो दुसरा माणूस छळतोय," त्या म्हणाल्या, आणि दुभाषी बाईंनी सांगितलं. "ही हकिकत त्याच्या निकालपत्रात नसेल, तर त्याचं कुणी ऐकलेलंच नाही. मुदत गेली असली तरी मी कोर्टाला विनंती करीन. पण तो कोण, ते कळायला हवं. तुमच्यात कुणाच्या ओळखीचा आहे का?"

अण्णा चार पावलांवर भिंतीशी उभे होते. एक शब्द बोलला असता तर काम झालं असतं. कुगनने तोंड उघडलंही. पण अण्णांकडे बोट दाखवणं त्याला जमेना.

"मला नाही सांगता येणार, बाई," तो म्हणाला आणि खाली बघत राहिला.

ब्रिजेटनी मग सहज अण्णांकडे पाहिलं. "तुम्ही ओळखता त्यांना?"

कुगन पुढे झाला. त्याने अण्णांच्या हातातली पिशवी काढून आपल्याकडे घेतली आणि तो त्यांच्याशेजारी उभा राहिला.

मग नेसन अण्णांनी मान हलवली.

"मीच तो," ते म्हणाले.