त्रेपन्न की एक्कावन

भाचीने बीअरचा कारखाना काढायचं ठरवलं तेव्हा मामांना निवृत्त होऊन चार महिने झाले होते, आणि त्या चार महिन्यांत त्यांनी घरातल्या एकाही नळाला सुखाने राहू दिलं नव्हतं. चौतीस वर्षं डेअरीत पाइप जोडलेला माणूस. मामी भाचीला म्हणाली, "घेऊन जा बाई ह्यांना. परवा न्हाणीघरातल्या पाइपाचा उतार चुकलाय म्हणून भिंत फोडायला निघाले होते."

असे मामा कामावर रुजू झाले.

कारखाना म्हणजे फर्निचरचं जुनं गोदाम. पाच चकचकीत टाक्या रांगेत उभ्या होत्या आणि त्यांना जोडणारा एकही पाइप अजून नव्हता. मामांनी पहिल्या टाकीच्या तोंडाची सपाट कडा चाचपली.

"हे काय? आटे कुठेत?"

"आटे नाहीत, मामा. क्लॅम्प. दोन कडा समोरासमोर, मध्ये रबरी रिंग, वरून पट्टा आवळायचा. पाना लागत नाही."

"पाना लागत नाही!" मामांनी आपल्या पिशवीकडे पाहिलं. पिशवीत सात पाने होते. "छकुले, डेअरीत आम्ही आट्यांचे जोड लावले. मोठा गोल नट, दोन ठोके, काम फत्ते."

"आणि रिंग जरा दबली की आट्यांत बीअर शिरते. जंतूंना फुकटात बिऱ्हाड मिळतं. मला रोज जोड उघडून धुवायचेत."

छकुली बेचाळीस वर्षांची होती, पण मामांच्या लेखी ती अजून चौथीतच होती. त्यांनी वाद वाढवला नाही. ते सरळ बाजारात गेले आणि बारा बेंड, म्हणजे पाइपाचे वळणाचे तुकडे, घेऊन आले. दोन इंची.

"तुला दिलेल्या यादीत त्रेपन्न मिलिमीटर लिहिलं होतं," भाची म्हणाली.

"कागदावर काय, काहीही लिहितात. हाताला दोन इंच लागलं की दोन इंच."

बेंड टाकीच्या तोंडाला लावून पाहिला. बसला, पण टोपी जरा लहान पडावी तसा. मामांनी कॅलिपर लावला. टाकीचं तोंड त्रेपन्न, बेंड जेमतेम एक्कावन. त्यांनी कॅलिपर पुसला, चष्मा बदलला आणि पुन्हा मोजलं.

"हा कॅलिपर कुणाचा?" त्यांनी संशयाने विचारलं.

"तुझाच. निरोपसमारंभात मिळालेला."

मामांनी कॅलिपर पिशवीत ठेवला. भाचीने त्यांचं बोट धरून जोडाच्या आत फिरवलं. आत बारीकशी पायरी लागली. अशा पायरीवर काय साचतं, हे डेअरीतल्या माणसाला सांगावं लागत नाही. बारा बेंड निमूटपणे दुकानात परत गेले आणि त्रेपन्नचे आले.

दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्हवरून जुंपली. मामांना बॉल व्हॉल्व्ह हवा होता. मजबूत, पाव वळणात बंद. भाचीने घरी छोट्या भांड्यावर प्रयोग करताना वापरलेला तसलाच एक आणला, बाकावर खोलला आणि आतल्या गोळ्यामागची फट मामांच्या नाकाखाली धरली.

"अरे देवा!" मामा दोन पावलं मागे सरले. "हा धुतला नव्हतास?"

"तीनदा धुतला होता. गोळ्यामागे पाणी पोचतच नाही. म्हणून बटरफ्लाय. मध्ये नुसती चकती. फिरवली की सगळं धुतलं जातं."

तीन दिवसांत मामांचं एकही म्हणणं टिकलं नव्हतं. भाचीला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडी मजाही वाटली. चौथ्या दिवशी मामांनी काही न बोलता तिच्या आराखड्याप्रमाणे सगळे पाइप तात्पुरते जोडले, पाणी सोडलं आणि बंद केलं. मग थर्मामीटर बसवायला तिने मुख्य पाइपातून काढलेली वीतभर बंद फांदी सोडवून बादलीवर उलटी केली. पेलाभर पाणी पडलं.

"हे काय आहे?" मामांनी अगदी गोड आवाजात विचारलं. "पाण्याचं विश्रांतिगृह?"

भाचीचे कान तापले. दोन महिने ती तो आराखडा उशाशी घेऊन झोपली होती म्हणा ना.

"आणि हा लांब पाइप आडवा सपाट का? ह्याला उतार दे. मग धुवायचं पाणी आपल्या पायांनी बाहेर जाईल."

"मामा, हे आधी का नाही सांगितलंस?"

"मी सांगतोय कुठे? बादली सांगतेय."

दोघांचाही एकमेकांच्या अक्षरावर विश्वास नव्हता, म्हणून ठरलेलं लिहायला मामीला बोलावलं. तिने खडूने भिंतीवर लिहिलं: सगळीकडे त्रेपन्न, सगळीकडे क्लॅम्प. व्हॉल्व्ह चकतीचे. रिंगा गरम कॉस्टिक सोड्याने धुतल्या तरी टिकणाऱ्या रबराच्या. फांद्या आखूड. उतार मामा सांगतील तो. पंपाचं तोंड तेवढं दोन इंची निघालं. तिथे एकच लांबट निमुळता जोड, तो मामा स्वतः वेल्ड करणार. "आणि भांडण बाहेर," असं तिने शेवटी आपल्या मनाने जोडलं.

सव्वा महिन्याने पहिली बीअर निघाली. स्वच्छ, किंचित कडसर, कसलाही वास नाही. मामांनी घोट घेतला, ग्लास उजेडात धरला आणि ते म्हणाले, "दुधाची सर नाही. पण पाइप उत्तम."

आठवड्याभरात शेजारच्या सरबताच्या कारखान्याचा मालक हा कारखाना बघायला आला. भाची टाकीमागे रिंगा बदलत होती, तेव्हा पलीकडून मामांचा आवाज आला. "आटे? छे हो, कोण लावतं हल्ली! आणि माप आधी ठरवायचं. दोन मिलिमीटरने माणूस बुडतो." सरबतवाला भारावून गेला.

थोड्या वेळाने मामा टाकीमागे आले आणि त्यांनी घसा खाकरला. "छकुले, त्याला मला त्याचे पाइप दाखवायचेत. सोमवारी सुट्टी मिळेल का?"

"लेखी अर्ज दे."

मामांनी खरंच अर्ज लिहिला. भाचीने त्यावर शेरा मारला, 'मंजूर. यादी वाचूनच बाजारात जाणे,' आणि सोमवारी ती स्वतःच त्यांना तिथवर सोडून आली.